जुने यंत्र आणि नवे कुलूप

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात २०११ साली घेतलेला एक संगणक अजून आहे. त्यावर विंडोज ७ ही प्रणाली चालते, पगारपत्रके होतात, दाखले छापले जातात. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसांत मात्र त्याने असहकार पुकारला. संकेतस्थळ उघडावयास जावे, तर पडद्यावर जोडणी सुरक्षित नसल्याची पाटी. दारात वीस-बावीस विद्यार्थी उभे. वरिष्ठ लिपिक हताश होऊन म्हणाले, "सर, यंत्र गेले. नव्याचा प्रस्ताव टाकू या." प्रस्ताव मंजूर होईपर्यंत अर्जाची मुदत उलटणार, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

वस्तुतः यंत्र गेले नव्हते. पहिला दोष पडद्याच्या कोपऱ्यातच दिसत होता: तारीख १ जानेवारी २०११! आतील मुख्य फलकावरची नाण्याएवढी, तीन व्होल्टची बॅटरी संपली की वीज बंद असताना घड्याळ थांबते आणि संगणक भलत्याच वर्षी जागा होतो. संकेतस्थळाच्या ओळखपत्राला, म्हणजे सर्टिफिकेटला, ठरावीक मुदत असते. २०११ मध्ये वावरणाऱ्या संगणकाच्या लेखी ते अजून जन्मलेलेच नसते. मग त्याने दार लावून घेतले, यात त्याचे काय चुकले?

तारीख सुधारली तरी काम अडलेलेच राहिले. ब्राउझर होता इंटरनेट एक्सप्लोरर ८. (मराठीत 'न्याहाळक' असा गोड शब्द आहे, पण कचेरीत तो कोणी उच्चारत नाही.) संकेतस्थळ आणि ब्राउझर परस्परांशी ज्या गुप्त नियमांनी बोलतात, त्यांना टीएलएस म्हणतात. प्रमुख ब्राउझरांनी २०२० साली त्याच्या १.० व १.१ या आवृत्त्या सोडल्या. बहुतेक संकेतस्थळेही आता १.२ च्या खाली बोलत नाहीत. गंमत अशी की, विंडोज ७ वरील एक्सप्लोररला १.२ येते, पण ते मुळात बंद ठेवलेले असते! पर्यायांच्या यादीत एका चौकोनात खूण केली आणि दार उघडले. आत मात्र अर्जाचे रकाने विस्कटलेले, बटण दाबून काही होईना. अखेर दुसऱ्या संगणकावरून फायरफॉक्सची ११५ वी आवृत्ती पेन ड्राइव्हवर आणली. २०२३ मधील ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची. गुप्तलिपीची सामग्री आणि विश्वासार्ह ओळखपत्रांची यादी ती स्वतःजवळच बाळगते. सायंकाळपर्यंत सर्व अर्ज गेले.

वर्गात आम्ही घसारा शिकवितो. आयकराच्या नियमांनी १ एप्रिल २०१७ पासून संगणकावरील घसाऱ्याचा दर ६० वरून ४० टक्क्यांवर आणला. त्या हिशेबाने लाखाचे यंत्र पाच वर्षांनी सुमारे ७,८०० रुपयांचे उरते. परंतु आमच्या यंत्रात झिजली होती ती केवळ बॅटरी. उरलेले वार्धक्य इतरांच्या निर्णयांनी आलेले. मायक्रोसॉफ्टने सर्वसाधारण ग्राहकांसाठी विंडोज ७ ची निगा १४ जानेवारी २०२० रोजी थांबविली. क्रोमनेही २०२३ मध्ये १०९ व्या आवृत्तीनंतर साथ सोडली. त्यांचे कारण खोटे नाही. जुने कुलूप ठेवले तर चोरालाही ते सोपेच, आणि म्हणून त्या संगणकावर बँकेचा व्यवहार करू नये असे मी कार्यालयाला बजावले आहे.

प्रश्न खर्चाचा आहे. निर्णय घेणारा एक आणि भुर्दंड सोसणारा दुसरा, अशा व्यवहाराचा बोजा शेवटी सर्वांत दुबळ्यावर पडतो. येथे तो शिष्यवृत्तीसाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलीवर पडत होता. सार्वजनिक अर्जाची पाने साधी ठेवणे, जुन्या यंत्रांवर ती तपासून पाहणे आणि कोणती आवृत्ती लागते हे पहिल्याच पानावर मराठीत सांगणे, यासाठी फार मोठी तरतूद लागत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चीही सर्वसाधारण निगा संपली. म्हणजे त्याच रांगेत आता कितीतरी धडधाकट यंत्रे येऊन उभी राहिली आहेत.

आमच्या संगणकात नवी बॅटरी बसविली आहे. तिचे बिल मंजुरीसाठी गेले आहे.