भूमिगत रेडिओ, ठिसूळ तबकड्या

२७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२. ‘चले जाव’च्या बातम्या दडपल्या जात असताना उषा मेहता आणि सहकारी मुंबईत जागा बदलत बदलत ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ चालवत होते. त्यातला बराच मजकूर आज वाचता येतो, तो पाळतीवरच्या पोलिसांनी ऐकून टिपून ठेवला म्हणून. कागद तगला, ध्वनिमुद्रण तगवणे फार कठीण. त्या काळच्या लॅकरच्या तबकडीतले एरंडेल कालांतराने सुटते, वर पांढरा तेलकट थर धरतो, लॅकर आकसून तडकते. पनवेलसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत बुरशीची भर. घरात अशी तबकडी सापडलीच तर उभी ठेवा आणि जुन्या ग्रामोफोनवर मुळीच लावू नका. जड सुई आवाजच खरवडून काढते. आधी जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घ्या.