जादूचं शस्त्र घडवताना : मर्जी भाल्याची, हात कुणाचा?

या सदरात आपण घडवतोय तो जादूचा भाला मोडायचा कसा, ते आज सांगणार होतो. ते पुढे ढकलतोय, कारण सोलापूरच्या एका वाचकानं मध्येच असा प्रश्न टाकलाय की तो बाजूला सारून पुढे जाताच येत नाही. ते लिहितात, ‘भाल्याला +2 दिलंत, फेकला की हातात परत येतो, इथवर ठीक. पण त्याला स्वतःची मर्जीही देणार म्हणता. भाल्याची मर्जी म्हणजे शेवटी डीएमचीच ना? मग खेळाडूनं समोर बसून करायचं काय?’

खरं आहे. भाला बोलतो तेव्हा आवाज डीएमचाच, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचाच असतो. आणि हे दुखणं खेळाइतकंच जुनं आहे. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला, तेव्हाच्या पहिल्या नियमांतच जादूच्या तलवारींना बुद्धीचे आणि ईगोचे आकडे होते. ईगो भारी पडला की तलवार मालकालाच आपल्या तालावर नाचवी. पुढे 1979 साली लॉरेन्स शिक यांचं ‘व्हाइट प्लूम माउंटन’ आलं. हे साहस त्यांनी हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीत नोकरी मिळावी म्हणून नमुन्यादाखल लिहिलं होतं. नोकरी मिळाली आणि नमुनाही छापला गेला. केराप्टिस नावाच्या मांत्रिकाच्या ज्वालामुखी डोंगरात चोरलेली तीन शस्त्रं आहेत: व्हेल्म हा हातोडा, वेव्ह हा त्रिशूळ आणि ब्लॅकरेझर ही आत्मे खाणारी काळी तलवार. ज्यांनी मायकेल मूरकॉकच्या एलरिकच्या गोष्टी वाचल्यात, ते ब्लॅकरेझरला लगेच ओळखतात. एलरिकची स्टॉर्मब्रिंगर हीच तिची थोरली बहीण.

गोम इथेच आहे. कादंबरीत तलवारही मूरकॉकची आणि ती धरणारा हातही मूरकॉकचाच. तलवारीनं एलरिकला न विचारता कुणाचा जीव घेतला तर आपण हळहळतो आणि पान उलटतो. टेबलावर मात्र त्या हाताचा मालक समोर बसलेला असतो, आठवडाभर वाट पाहून आलेला.

2014 च्या नियमांत ब्लॅकरेझर कशी बांधलीय ते बघा. तीन दिवस एकही आत्मा मिळाला नाही, तर पुढच्या सूर्यास्ताला तलवार मालकाशी वाद घालते. मालकानं तिचं ऐकलं नाही, तर ती त्याचा ताबा घ्यायला बघते. त्याला करिश्म्याचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो, आकडा 12 अधिक तलवारीच्या करिश्म्याचा मॉडिफायर. ब्लॅकरेझरचा करिश्मा 19, म्हणजे मॉडिफायर +4, म्हणजे गाठायचे 16. आता ही दोन हातांनी चालवायची भली मोठी तलवार घेणार कोण? बहुधा फायटर, आणि करिश्मा हा फायटरचा टाकाऊ खाना. करिश्मा 8 असेल तर फाशावरून एक वजा. म्हणजे वीसबाजू फाशावर निदान 17 हवेत. वीसपैकी चार बाजू, 20 टक्के. उलट नवव्या पातळीचा, करिश्मा 16 असलेला पॅलडिन घ्या. मॉडिफायरचे 3, प्राविण्याचे 4 आणि त्याच्या तेजोवलयाचे आणखी 3 असे दहा मिळतात. त्याला 6 पडले की झालं, म्हणजे 75 टक्के. पण आत्मे खाणारी तलवार पॅलडिन कशाला बाळगेल? जो तिला आवरू शकतो तो तिला हात लावत नाही, आणि जो हात लावतो त्याला ती आवरत नाही. बांधणी म्हणून हे झकास आहे.

खेळताना मात्र तेवढं झकास वाटेलच असं नाही. एका टेबलावर असाच एक मठ्ठ फायटर माझ्याकडे होता आणि कमरेला ब्लॅकरेझर. सेव्ह हुकला. ताबा किती तास, हे बाराबाजू फाशावर ठरतं. पडले 11. डीएमनं माझं कॅरेक्टर शीट सरळ स्वतःकडे ओढून घेतलं आणि मी चिवड्याचा डबा पुढ्यात घेऊन बसलो. सुटका झाली ती नियमातल्या एका ओळीमुळे: ताब्यात असताना मार बसला की पुन्हा सेव्ह करता येतो. आमच्या क्लेरिकला ही ओळ आठवली आणि त्यानं शत्रू सोडून गदेनं मलाच हाणायला सुरुवात केली. एका टोल्याला एक सेव्ह, दर वेळी तेच 20 टक्के. मी शुद्धीवर येईपर्यंत अर्धमेला झालो होतो आणि टेबल हसून लोळत होतं. ती एक ओळ नसती, तर ती संध्याकाळ माझ्यापुरती चिवड्यातच संपली असती. शस्त्रानं ताबा घ्यायचाच असेल, तर तो सोडवायचं काम सोबत्यांच्या हाती असलं पाहिजे.

पण ताबा न घेताही शस्त्राला मर्जी दाखवता येते. तलवारीनं खेळाडूचा निर्णय हिसकावू नये, तो महाग करावा.

कासची तलवार बघा. 1976 च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’पासून ती खेळात आहे. 2014 च्या नियमांत तिची अट अशी: म्यानातून उपसल्यावर मिनिटभरात तिला रक्त लागलं नाही, तर धरणाऱ्याला करिश्म्याचा सेव्ह. जमला तरी मनावर 3 सहाबाजू फाशांचा घाव बसतो, हुकला तर तलवार स्वार होते. मिनिट म्हणजे लढाईच्या दहा फेऱ्या, तेव्हा लढाईत ही अट सहसा जाणवतसुद्धा नाही. ती जाणवते दारूच्या गुत्त्यात. समोरच्या गुंडाला नुसतं धमकवायला तलवार उपसावी, तर ते परवडत नाही. उपसली की कुणाला तरी लागणारच. एका ओळीच्या नियमानं त्या पात्राच्या प्रत्येक बोलाचालीला धार येते, आणि उपसायची की नाही हा निर्णय पूर्णपणे खेळाडूचा राहतो.

याहून सुबक नमुना आपल्याला पाठ आहे, फक्त आपण त्याकडे नियम म्हणून बघत नाही. ‘गांडीव दुसऱ्याला दे’ असं जो म्हणेल त्याचा वध करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. कर्णपर्वात घायाळ, चिडलेला युधिष्ठिर नेमकं तेच बोलून बसतो आणि अर्जुन थोरल्या भावावर खड्ग उपसतो. कृष्ण वाट काढतो: वडीलधाऱ्याला अरे-तुरे करणं म्हणजे त्याचा वधच, तेव्हा तेवढं कर. अर्जुन करतो, मग त्या पापासाठी स्वतःचा जीव द्यायला निघतो. त्यावरही कृष्णाकडे तोड आहे: आत्मस्तुती म्हणजे आत्महत्याच, तेव्हा स्वतःची स्तुती कर. डीएम मंडळींनी यातून दोन गोष्टी उचलाव्यात. एक, अट कडक असावी पण तिला पळवाट असावी, आणि ती शोधायला सोबती उपयोगी पडावा. दुसरी सोलापूरकरांसाठी: अट गांडीवानं घातलेली नव्हती, ती अर्जुनाची स्वतःची होती.

म्हणून आपल्या भाल्याची मर्जी डीएमनं घरून लिहून आणायची नाही. भाला घाटातल्या पहारेकऱ्याचा आहे, एवढं खेळाडूला सांगा आणि विचारा, ‘तुझ्या हातात असताना याला काय खपणार नाही?’ आमच्याकडे भाला चोराचं पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीकडे गेला. तिनं कॅरेक्टर शीटच्या समासात लिहिलं, ‘सर्वांत आधी पळायचं नाही.’ मी त्याला फक्त किंमत लावली: सोबत्यांआधी पाठ दाखवली, तर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत +2 गेलं आणि भाला परत येणंही बंद. सेव्ह नाही, ताबा नाही. सगळे निसटल्यावर शेवटी निघालं तर भाल्याची काही हरकत नाही.

ही पळवाट तिनं पहिल्याच लढाईत हेरली. आजवर संकट दिसताच सर्वांत आधी गायब होणारं ते पात्र आता दाराशी पाय रोवून ‘निघा, निघा’ म्हणून ओरडत असतं. हे मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं.

भाला मोडायचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर वाचकांनी आपापल्या शस्त्राला न खपणारी एक गोष्ट एका ओळीत लिहून पाठवावी, आणि शेजारी तिची पळवाटही. पळवाट सापडत नसेल तर अट बदला.