गोचीड

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात उमापूर नावाचे गाव आहे. दिवाळी सरली, की या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरदूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ज्यांची बैलजोडी असते, ते तिला घरच्या माणसासारखे जपतात. बैल धुताना मुलांचे हात त्याच्या कानांमागे, गळ्याखालच्या पोळीवर, शेपटीच्या मुळाशी फिरतात. तेथे कधी एरंडाच्या बीसारखी टपोरी, कातडीला घट्ट चिकटलेली एक वस्तू हाताला लागते. तीच गोचीड. एरंडाच्या बीशी तिचे साम्य इतके आहे, की लॅटिन भाषेत गोचीड आणि एरंड या दोघांना एकच शब्द आहे.

गोचीड हा कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ असतात. ती कोळी आणि विंचू यांच्या कुळातली आहे. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा मात्र तिलाही सहाच पाय असतात. पुढे कात टाकून ती आठ पायांची होते आणि आणखी एकदा कात टाकून प्रौढ होते. तिला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही. म्हणून पुष्कळ जातींच्या गोचिडी गवताच्या पात्यावर चढून, पुढचे पाय पसरून वाट पाहत बसतात आणि जवळून जाणाऱ्या प्राण्याला बिलगतात. रक्त हेच त्यांचे अन्न. त्यांतील कित्येक जाती प्रत्येक अवस्थेत निराळ्या प्राण्याचे रक्त पितात. बाल्यावस्थेत उंदराचे, पुढे हरणाचे, तर कधी माणसाचे. अशा रीतीने एका प्राण्याच्या रक्तातील जंतू दुसऱ्याच्या रक्तात पोहोचतात. गोचीड ही रोग नव्हे. ती रोगाचे वाहन आहे.

ही गोष्ट माणसाला कशी कळली? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुरांना एक घातक ताप येई. दक्षिणेकडील निरोगी दिसणारे कळप ज्या कुरणांतून जात, तेथील गुरे मागाहून मरत. हा गोचिडींचा प्रताप आहे, असे गुरे पाळणारे लोक म्हणत. पण पुष्कळ विद्वानांना ते पटत नसे. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या शास्त्रज्ञांनी मात्र ते म्हणणे मनावर घेतले. त्यांनी दक्षिणेकडील काही गुरांच्या अंगावरील गोचिडी हातांनी वेचून काढल्या व काहींच्या तशाच राहू दिल्या. जेथे गोचिडी होत्या, तेथेच सोबतची गुरे आजारी पडली! १८९३ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. गुराख्यांचे म्हणणे खरे ठरले. गोचिडींमुळे येणारा असा ताप आपल्याकडील गुरांनाही होतो.

पुढे १९५७ साली, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र तापाने अंथरुणाला खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ तेथे गेले. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. हा एका नव्याच विषाणूचा रोग असून जंगलातील गोचिडी तो पसरवितात, असे त्यांना आढळून आले. या रोगाला लोक 'माकडताप' म्हणतात. परंतु माकड तो माणसाला देत नाही. तेही बिचारे त्याच रोगाला बळी पडते. माकड मेले, की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास विखुरतात आणि तेथून जाणाऱ्या माणसाला चावतात. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांत राबणाऱ्या लोकांना हा ताप आला. २०१६ साली तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला.

तिसरी कथा मुलांची आहे. अमेरिकेतील लाइम नावाच्या गावाच्या परिसरात पुष्कळ मुलांचे गुडघे सुजू लागले. एकाच भागात इतक्या मुलांना संधिवात कसा व्हावा, हा प्रश्न दोन मातांना स्वस्थ बसू देईना. १९७५ साली त्यांनी तो अधिकाऱ्यांपुढे मांडला. डॉ. ॲलन स्टीअर यांनी तपास केला, तेव्हा बहुतेक रोगी झाडीजवळ राहणारे निघाले. काहींच्या अंगावर आधी पसरत जाणारे तांबडे वर्तुळ उमटले होते. तेव्हा संशय गोचिडीवर गेला. १९८१ साली विली बर्गडॉर्फर हे शास्त्रज्ञ दुसऱ्याच एका तापाचा जंतू शोधीत होते. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली गोचिडीच्या आतड्यात त्यांना मळसूत्रासारखे पीळदार जिवाणू दिसले. तेच लाइम रोगाचे कारण ठरले. त्या जिवाणूला पुढे 'बोरेलिया बर्गडॉर्फेरी' असे नाव मिळाले. उंदरांच्या रक्तातून तो खसखशीएवढ्या लहान गोचिडीत येतो व तिच्याकडून माणसात जातो. वेळीच प्रतिजैविक औषध दिले, तर रोगी बरा होतो. माकडतापाच्या विषाणूवर मात्र अशी औषधे चालत नाहीत. तेथे रोगी जपावा लागतो.

लाइम रोगाचा जिवाणू माणसात शिरण्यास गोचीड बहुधा एक दिवसाहून अधिक काळ चिकटून राहावी लागते. म्हणून रोज अंग तपासणे हा उत्तम उपाय होय. रानातून आल्यावर काखा, मान, कानांमागची जागा नीट पाहावी. गोचीड आढळल्यास ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तिला चटका देऊ नये, तिच्यावर तेल ओतू नये व बोटांनी ती चिरडू नये. मग ती जागा साबणाने धुवावी. पुढे ताप आलाच, तर गोचीड चावली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रानात मेलेले माकड दिसल्यास त्याच्याजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

मुलांनो, गोठ्यातील गोचीड पाहून भिण्याचे कारण नाही. तिच्याकडे दुर्लक्ष मात्र करू नका. गुरे पाळणाऱ्यांनी आपल्या गुरांकडे पाहिले, मातांनी आपल्या मुलांकडे पाहिले. शास्त्रज्ञांचे काम त्यानंतर सुरू झाले. उद्या बैल धुताना तो चारा टाकून मलूल उभा असलेला दिसला आणि त्याच्या कानांमागे गोचिडी हाताला लागल्या, तर घरी लगेच सांगा. मुका प्राणी स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही. ते आपणच पाहावे लागते.