‘कोपरगाव’ कोरियन लिपीत लिहायचे कसे?

घरात मोबाइलवर कोरियन मालिका सुरू झाली, की मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर गोल, चौकोन आणि काटकोनी रेघा उमटू लागतात. कोपरगावही त्याला अपवाद नाही. आईवडिलांना हे चिनीसारखे अवघड वाटते. प्रत्यक्षात बाराखडी येणाऱ्याला ही लिपी निम्मी ओळखीचीच आहे.

हांगुल ही लिपी राजा सेजोंग याने १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. तोवर चिनी अक्षरे वापरात होती. ती शिकणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. आज हांगुलमध्ये १४ मूळ व्यंजने आणि १० मूळ स्वर आहेत. व्यंजनांचे आकार तोंडाकडे पाहून ठरवले आहेत. ‘म’ म्हणजे चौकोन, अर्थात तोंड. ‘न’ची रेघ वर टेकलेल्या जिभेसारखी. ‘क’मध्ये एक रेघ वाढवली, की झाला ‘ख’!

अक्षरे एकापुढे एक न लिहिता एकेका चौकटीत बसवतात. ‘आ’, ‘ई’ व्यंजनाच्या उजवीकडे, ‘ओ’, ‘उ’ खाली. शेवटचे व्यंजन सर्वांत खाली.

आता ‘कोपरगाव’ लिहून पाहा. कोरियनमध्ये ‘क’ आणि ‘ग’ला एकच अक्षर, दोन स्वरांमध्ये ते ‘ग’ होते. म्हणून परक्या नावातला ‘क’ तिथे ‘ख’च्या अक्षराने लिहितात. ‘पर’मधला ‘र’ चौकटीच्या तळाशी ठेवला, तर त्याचा ‘ल’ होतो. त्याला स्वर जोडून वेगळी चौकट द्यावी लागते. ‘व’ तर नाहीच. तिथे ‘उ’वर भागवावे लागते. म्हणजे लिपी लवकर येते, कान तयार व्हायला वेळ लागतो.

याने स्मृतिभ्रंश टळतो का? हैदराबादमध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतही. पण ते लोक रोजच्या व्यवहारात त्या भाषा बोलत होते. नुसती अक्षरे गिरवून तोच फायदा मिळेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

शिकायचेच असेल, तर रोज तीन-चार अक्षरे घ्या, मोठ्याने उच्चारत लिहा आणि दुसऱ्या दिवशी न पाहता आठवा. वाचून पाहण्यापेक्षा आठवून लिहिलेले अधिक टिकते. मुलांबरोबर आईवडिलांनीही बसायला हरकत नाही.