नाकाची सूज उतरते कधी? उत्तराचा धागा १७९३ च्या पुण्यात

येलवाल (म्हैसूर) : म्हैसूरहून हुणसूरकडे जाताना लागणाऱ्या येलवालपासून टिपू सुलतानाची राजधानी श्रीरंगपट्टण फार दूर नाही. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, १७९२ साली, इंग्रजी सैन्याबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. त्याच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या सैन्याला येऊन मिळाला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा निवृत्तिवेतनधारक झाला. वर्षाहून अधिक काळ तो नाकाविना वावरला. 'नाक कापले जाणे' हा आपल्याकडे अब्रू जाण्याचा पर्याय. कावसजीच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला होता.

पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या, म्हणजे कुंभार समाजातील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' एवढ्याच आद्याक्षरांच्या सहीने तिचे वर्णन छापून आले आणि युरोपातील शल्यविशारद चकित झाले. (कावसजी हे नाव पारशी वाटते; पत्रात मात्र त्याचा उल्लेख शेतकरी जातीचा मराठा असाच आहे. नाक घडवणाऱ्याचे नाव पत्रात नाही.)

या पत्राची आठवण बहुधा शस्त्रक्रियेच्या कौशल्यासाठी काढली जाते. पण आज नाकावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या आणि आरशासमोर चिंतातुर उभ्या असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने त्यातील पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. सुरी खाली ठेवल्यानंतर काय करायचे, याचे दिवसवार वेळापत्रकच तेथे सापडते.

आधी मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडवून, ते सपाट करून कपाळावर ठेवले जाई आणि त्याच्या कडेने रेघ आखून तेवढी कातडी सोडवली जाई. दोन भुवयांमधला कातडीचा एक अरुंद पट्टा मात्र कापला जात नसे, कारण नव्या नाकाला रक्त पोहोचण्याचा तोच मार्ग होता. कातडी अर्धी पिळून खाली आणली, कडा खाचेत बसवल्या, की पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर फासून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या जात. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. त्यानंतर तुपात भिजवलेले कापड. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणेच निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधला तो पट्टा कापून नाक स्वतंत्र करायचे.

पंचवीस दिवसच का? वळवून आणलेल्या कातडीत खालून आणि कडेने नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरण्यास साधारण एवढाच अवधी लागतो. कर्करोगामुळे वा अपघातात नाक गमावलेल्यांसाठी ही पद्धत आजही वापरली जाते आणि जोडपट्टा बहुधा तीन आठवड्यांच्या आसपासच कापला जातो. त्या काळात नव्या नाकाचा रंग हीच मुख्य खूण असते. ते फिकट व थंड पडले तर रक्त येत नाही, निळसर होऊन फुगले तर आलेले रक्त परत जात नाही, असा अर्थ निघतो.

आज नाकाचा आकार बदलण्यासाठी किंवा वाकडे हाड सरळ करण्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियेत कपाळाला हात लागत नाही. पण सुजेचे कारण त्याच जातीचे आहे. कातडी हाडापासून व कूर्चेपासून सुटी करताना बारीक शिरा आणि लसीकावाहिन्या तुटतात. ऊतींमध्ये झिरपलेले पाणी वाहून नेणारी व्यवस्थाच काही काळ मोडलेली असते. डोळ्यांभोवतीचा काळेनिळेपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक दिसतो व दोन आठवड्यांत बहुतेक ओसरतो. नाकावरचा आधारपट्टा साधारण आठवड्याने निघतो आणि नेमका तेव्हाच अनेकांचा हिरमोड होतो. नाक पूर्वीपेक्षा रुंद, टोक जाड आणि किंचित वर उचललेले दिसते. ते अंतिम रूप नव्हे. ठळक सूज महिन्याभरात उतरते. उरलेली, विशेषतः टोकाची, सुमारे वर्षभर रेंगाळते. जाड कातडीच्या नाकात, आणि आपल्याकडे अशी नाके पुष्कळ, हा काळ आणखी लांबतो. सकाळी सूज अधिक, संध्याकाळी कमी, किंवा एका बाजूला थोडी जास्त, हेही नेहमीचेच. टोकाला बधिरपणा आणि हसताना वरचा ओठ ताठ वाटणे काही आठवडे वा महिने राहू शकते.

डोके उंच ठेवून उताणे झोपणे, सुरुवातीचे दोन आठवडे नाक न शिंकरणे, चार ते सहा आठवडे चष्म्याचा भार नाकावर न देणे, धूम्रपान वर्ज्य करणे आणि कडक उन्हापासून नाक जपणे, एवढे पथ्य बहुतेक शल्यविशारद सांगतात. घरच्या मंडळींनी सुचवलेला शेक, तेल किंवा मालिश डॉक्टरांना विचारल्यावाचून नको. पुण्याच्या कारागिराचा कात आणि तूपही आता इतिहासातच राहू द्यावे. कात जखम आवळून धरी, तूप कापड चिकटू देत नसे. त्या कामासाठी आज निर्जंतुक पट्ट्या आणि मलमे आहेत.

धीर धरावा असे सांगताना एक धोका असतो, तो म्हणजे खरी तक्रारही 'सूजच आहे' म्हणून अंगावर काढली जाणे. उतरणारी सूज एकाएकी वाढू लागली, त्वचा लालबुंद व गरम झाली, ताप आला, पू दिसला, दाबूनही रक्त थांबेना किंवा नजरेत फरक जाणवला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. पाण्यासारखा स्वच्छ द्रव नाकातून सतत ठिबकणे हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही, कारण तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साचले तर दोन्ही नाकपुड्या चोंदतात आणि ठणका वाढत जातो. ते रक्त तातडीने काढले नाही तर कूर्चा मरते व नाक मधोमध बसते. अशा वेळी रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी बराच काळ मृतदेहांवर सराव करून १८१४ मध्ये हीच पद्धत प्रथम जिवंत रुग्णावर वापरली. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडताच तेथे हजर असलेला एक लष्करी अधिकारी नाक दिसते आहे म्हणून आश्चर्याने उद्गारला. नाक जगले आहे, एवढेच तिसऱ्या दिवशी कळू शकते. कावसजीचे चित्र जेम्स वेल्स यांनी काढले ते जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. पत्रलेखकाच्या मते असे नाक जवळजवळ नैसर्गिक नाकासारखेच दिसते आणि कपाळावरचा व्रणही काळ लोटल्यावर फारसा जाणवत नाही.

आजचे शल्यविशारदही दुरुस्तीची दुसरी शस्त्रक्रिया साधारण वर्षभराआधी करण्यास सहसा तयार होत नाहीत, कारण सुजलेल्या ऊतींवर पुन्हा सुरी चालवली तर नेमके काय दुरुस्त करायचे हेच ठरवता येत नाही. टोकाची सूज फारच रेंगाळली तर काही रुग्णांना रात्री चिकटपट्टी लावण्यास सांगतात, काहींना स्टेरॉइडचे सौम्य इंजेक्शन देतात. तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. रोज आरशात डोकावण्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात आणि त्याच कोनातून छायाचित्र काढून ठेवले, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलताना ते अधिक उपयोगी पडते.