आडवं धरा, तिरकं धरा

पावसाळा सरत आला की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणीची, म्हणजे गवत-झुडपं काढायची, घाई उडते आणि उतारांवर ग्रास कटरचा कर्कश आवाज सुरू होतो. खांद्याला अडकवलेल्या या यंत्राचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण 30 ते 50 सीसीचं असतं. त्याला ना बॅटरी, ना ऑइलची वेगळी टाकी. तरीही ते मिनिटाला सात हजार फेरे मारतं आणि प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. म्हणजे सेकंदाला शंभराहून अधिक वेळा पेट्रोल पेटतं.

या इंजिनाची मूळ कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. 1890 च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे यांनी पिस्टनखालची बंद पोकळीच पंपासारखी वापरली. त्यांच्या कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक यांनी पुढे उरलीसुरली झडपही काढून टाकली. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरची भोकं उघडू-मिटू लागला. ठिणगीचं कामही असंच बिनखर्चात होतं. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलजवळून झपकन जातं आणि त्यातूनच वीज तयार होते.

पण खरी करामत कार्बोरेटरची. जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो. गाडी आडवी पडली की पेट्रोल सांडतं. कटर तर दिवसभर वाकडातिकडाच फिरतो. म्हणून इथे फ्लोटऐवजी दोन पातळ पडदे असतात. पिस्टनच्या हालचालीने खालच्या पोकळीतला दाब सतत कमी-जास्त होतो आणि त्या ठोक्यांवर एक पडदा थरथरत टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. दुसरा पडदा इंजिनाच्या ओढीने आत दबतो, इवलीशी सुई उघडतो आणि लागेल तेवढंच पेट्रोल सोडतो.

हेच पडदे जुने झाले की ताठ होतात. मग चोक लावला की इंजिन चालतं, चोक उघडला की मरतं. हे लक्षण दिसलं की पेट्रोल कमी पोहोचतंय असं समजावं. टाकीतला फिल्टर तुंबलाय का, नळीला चीर गेलीय का, हे आधी पाहावं. चोक अर्धा ठेवून तसंच काम रेटणं मात्र महागात पडतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच येतं. पेट्रोल तुटलं की ऑइलही तुटतं आणि पिस्टन धरतो. म्हणून मिश्रणही अंदाजाने करू नये. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर 1 लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल. (बहुतेक फोर-स्ट्रोक कटरमध्ये मात्र हे मिश्रण घालायचं नाही.)

इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडलं, टाकीचं झाकण उघडताच फुस्स झालं आणि पुन्हा सुरू झालं, तर टाकीची हवेची वाट बुजलेली असते. इंजिन चालू होतं पण रेस घेत नाही, तेव्हा सायलेन्सरची जाळी काजळीने भरलीय का, ते पाहा. दोरी ओढून हात दुखले आणि प्लग ओला निघाला, तर चोकचा अतिरेक झालाय. कोरडा निघाला, तर पेट्रोलच येत नाही.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. कोकणच्या दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या टाकीत पाणी मुरतं, तळाशी बसतं आणि थेट कार्बोरेटरमध्ये जातं. पुढच्या हंगामाच्या तोंडावर मेकॅनिककडे रांगा लागतात, त्यामागे हे शिळं पेट्रोल मोठं कारण आहे. तेव्हा बेणणी आटोपली की टाकी रिकामी करा, उरलंसुरलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि मगच कटर माळ्यावर टाका.