धुराची नळी आणि तिचे सांधे

मोटार हा विषय व्याख्यानमालेत येतो तो बहुधा पेट्रोलच्या भावाच्या नाहीतर रस्त्यांवरील खड्ड्यांच्या निमित्ताने. आम्ही तिच्या अशा एका अवयवाविषयी बोलणार आहोत, की जो मालकाला सहसा दिसत नाही आणि मोडला म्हणजेच ऐकू येतो. इंजिनापासून मागच्या बंपरापर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारी धुराची नळी ती ही. गॅरेजात हिला सरसकट सायलेन्सर म्हणतात, आणि ह्या नावानेच सारा घोटाळा केला आहे. नाव ऐकून माणसास वाटते, हिचे काम आवाज दाबण्याचे; तेव्हा गाडी थोडी फुरफुरू लागली तर बिघडले काय, पुढच्या पगाराला पाहू. वस्तुतः आवाज दाबणे हे तिचे दुय्यम काम. पहिले काम म्हणजे विषारी वायू गाडीत बसलेल्या माणसांच्या पाठीमागे नेऊन सोडणे.

पेट्रोल पुरते जळले तर त्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. अपुरे जळले तर कार्बन मोनॉक्साइड होतो. ह्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट धरून बसते. हवेच्या दहा हजार भागांत ह्याचे चार भाग असले, की तासा-दोन तासांत डोके ठणकू लागते. शंभरांत एक भागाच्या वर गेला, की काही मिनिटांचा खेळ. आता १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम पाहा. इंजिन नुसते चालू ठेवले असता चारचाकी पेट्रोल गाडीच्या धुरात शंभरांत तीन भागांपर्यंत हा वायू त्यांनी चालवून घेतला होता. पुढे १९९५ साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास ह्या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि पुढील वर्षांत मर्यादाही आवळत गेल्या. पण हे यंत्र तापल्यावाचून काम करीत नाही. आणि सांधा जर त्याच्या अलीकडेच गळत असेल, तर धूर शुद्ध होण्यापूर्वीच बाहेर पडतो.

कोणी म्हणेल, गाडी धावत असताना वारा सगळे उडवून नेतो. पुष्कळसे नेतो, हे खरे. परंतु गाडी नेहमी धावत नसते. मालक लग्नाच्या जेवणाला बसलेले असतात, बाहेर ऊन मी म्हणत असते, आणि ड्रायव्हर काचा लावून, इंजिन व एसी चालू ठेवून मागे रेललेला असतो. संघटनेच्या कामात आमचा ह्या मंडळींशी नित्य संबंध येतो. त्यांना विश्रांतीची जागा कोणी देत नाही. गाडी हीच त्यांची खोली. उभ्या गाडीखाली वायू साचतो आणि तळाच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून, डिकीच्या फाटक्या रबरातून आत शिरतो. झोपलेल्या माणसाला डोकेदुखीची सूचनाही मिळत नाही. ह्या मृत्यूला वर्तमानपत्रात चार ओळी मिळतात, आणि त्यात गुदमरून असा एक शब्द असतो. कोणत्या सांध्याचे गॅस्केट जळाले होते, हे त्या चार ओळींत येत नाही.

नळी कुजते कशी, हे मोठे मौजेचे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, असे सांगितले तर लोकांना थट्टा वाटते. पण पेट्रोलमधील हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी मिळून पाणीच होणार, दुसरे काय? नळी तापलेली असली तर वाफ निघून जाते. थंड असली तर मागच्या डब्यात पाणी साचते, धुरातील आम्ल त्यात उतरते, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणून रोज पुणे-नाशिक करणाऱ्या टॅक्सीची नळी टिकते आणि फक्त मंडईपर्यंत जाऊन येणारी, कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी आधी फुरफुरते. कोकणपट्टीत खारी हवा बाहेरून हातभार लावते, ती निराळीच.

गळती शोधणे घरी सहज जमते. सकाळी, नळी थंड असताना, गाडी उघड्यावर आणावी. सोसायटीच्या तळघरात हा प्रयोग करू नये. एकाने इंजिन सुरू करावे व दुसऱ्याने जाड फडके घेऊन नळीचे मागचे तोंड क्षणभर अर्धवट दाबावे. गळता सांधा फुसफुसतो. सांध्याभोवती काजळीची काळी रेघ असेल तर कानांचीही गरज नाही.

आता बदलण्याचे काम. त्यात सर्वांत धोक्याची गोष्ट नळी नसून जॅक आहे. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. कठीण व सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि उचललेली गाडी लोखंडी स्टँडांवर टेकवून, हाताने हलवून पाहिल्यावरच माणसाने खाली शिरावे. विटांची चवड रचणारे आम्ही पुष्कळ पाहिले. वीट इशारा न देता फुटते. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण वर पाहताना गंजाच्या खपल्या थेट डोळ्यांत पडतात.

नट सोडवण्यात घाई करणारा हरतो. गंज सोडवणारे तेल आदल्या संध्याकाळी सोडावे. पाना बारा कोनांचा न घेता सहा कोनांचा घ्यावा. नट प्रथम किंचित आवळून मग ढिला करावा. मागचा नट अडला तर करवतीने कापून टाकावा, तो दहा-वीस रुपयांना मिळतो. पण इंजिनाला लागून असलेला स्टड तुटला तर काम घरचे राहत नाही. तो हलत नसेल तर तिथेच थांबून कारागिराला बोलवावे, ह्यात कमीपणा नाही. एका नळीत दुसरी सरकवलेला सांधा चिकटून बसला असेल, तर बाहेरची नळी टाकाऊ असल्यास तिला लांबीच्या दिशेने चीर पाडून छिन्नीने उलगडावी.

नवी नळी पुढून मागे चढवीत यावी आणि सर्व जोड प्रथम सैलच ठेवावेत. रबरी टांगण्या नव्या घालाव्यात. त्यांना साबणाचे पाणी लावले की सरकतात, तेलाने मात्र रबर फुगते. सारी नळी सरळ लटकली, कुठे तळाला घासत नाही, पेट्रोलच्या नळीपासून दूर आहे (नियमाने निदान ३५ मिलिमीटर), असे पाहून मग आवळणी करावी.

सांध्यांविषयी थोडे सावकाश सांगितले पाहिजे, कारण इथेच लोक फसतात. बोल्टांनी जोडलेल्या दोन चपट्या चकत्यांमध्ये गॅस्केट असते. ते प्रत्येक वेळी नवे घालावे. जुने एकदा दबले की पुन्हा तसे बसत नाही. सरकवलेल्या सांध्याला क्लॅम्प व एक्झॉस्ट पेस्ट. धातू तारेच्या ब्रशाने चकचकीत करून पातळसा थर लावावा, सांधा आवळावा, इंजिन काही मिनिटे सावकाश चालवावे व डब्यावर लिहिलेला वेळ नळीला हात लावू नये. एम-सील ह्या कामी वापरू नये. ती पाण्याच्या नळासाठी आहे. पेस्टही कन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूस लावू नये, कारण तिचे तुकडे आत जाऊन जाळी तुंबते. तिथल्या फटीचा आणखी एक उपद्रव आहे. धूर धक्क्याधक्क्याने येतो, आणि दोन धक्क्यांमध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सर त्या हवेने फसतो आणि इंजिनाला विनाकारण अधिक पेट्रोल पाजतो.

जुन्या गाडीचे गॅस्केट खरवडताना ते आधी ओले करावे. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याची धूळ फुप्फुसात वर्षानुवर्षे राहते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षेपर्यंत ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले, त्याचे कारण हेच. रस्त्यावरच्या गॅरेजात तोंडाने फुंकर मारून गॅस्केट साफ करणाऱ्या पोराची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. गाडी त्याच्याकडे दिलीत, तर निदान पाण्याची बाटली व ओले फडके त्याच्या हाती द्या.

काम झाल्यावर फडक्याची परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन-तीन दिवस गाडी चालवून, नळी पूर्ण थंड झाल्यावर, प्रत्येक क्लॅम्पला आणखी एकदा पाना लावावा. उष्णतेने धातू बसतो आणि पहिली आवळणी थोडी ढिली पडलेली आढळते.